यंत्रांची खोटी साक्ष

इसवी सन २००० च्या आरंभी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात एक विचित्र प्रकार घडू लागला. ब्रिस्बेन शहराच्या उत्तरेस किनाऱ्यावर त्या काळी मरूची नावाचा एक परगणा होता. तेथील सांडपाणी वाहून नेण्यासाठी १४२ उदंचन केंद्रे, म्हणजे पंपघरे, बांधलेली होती. प्रत्येक पंपघरात एक छोटा संगणक होता. तो रेडिओवरून मध्यवर्ती कचेरीशी बोलत असे आणि पंप चालू आहे की बंद, पाणी किती चढले, काही बिघाड आहे काय, याची वर्दी देत असे. फेब्रुवारीपासून ही यंत्रणा बिथरली. चालायला हवेत तेव्हा पंप चालेनात, धोक्याच्या वेळी घंटा वाजेना आणि केंद्रांशी असलेला संपर्क मध्येच तुटू लागला. यंत्रणा नवी बसवलेली होती. साहजिकच अभियंत्यांना वाटले की, जोडणीत कोठेतरी दोष राहिला असावा. त्यांनी पुन्हा पुन्हा तपासणी केली, पण दोष हाती लागला नाही.

मार्चच्या मध्याला तपास करणाऱ्या एका अभियंत्याच्या ध्यानात आले की, गोंधळ माजवणारे संदेश चौदा क्रमांकाच्या पंपघरातून येत आहेत. तो स्वतः तेथे गेला. पाहतो तो पंपघर उत्तम चालले आहे आणि कोणी हात लावल्याची खूणही नाही. तेव्हा त्याने एक साधी युक्ती केली. त्या पंपघराचा क्रमांक त्याने चौदाचा तीन करून टाकला आणि ती गोष्ट आपल्यापुरती ठेवली. आता खऱ्या पंपघरातून येणारी वर्दी ‘मी तीन बोलतो’ अशी येणार होती. जो अजूनही ‘मी चौदा बोलतो’ म्हणेल तो तोतया!

आणि तोतया बोललाच. २३ एप्रिल रोजी पोलिसांनी एका माणसाला त्याच्या मोटारीत पकडले. सोबत एक संगणक आणि रेडिओ संच होता. ही यंत्रणा बसवणाऱ्या कंत्राटदाराकडे तो पूर्वी नोकरीला होता. ती नोकरी सोडून त्याने परगण्याच्या कचेरीत काम मागितले, पण त्याला नकार मिळाला होता. त्याने किमान ४६ वेळा या यंत्रणेत घुसखोरी केल्याचे निष्पन्न झाले. सुमारे ८ लाख लिटर मैलापाणी बागांत, नाल्यांत आणि नदीत सांडले. पाणी काळे पडले, जलचर मेले आणि आसपासच्या रहिवाशांना दुर्गंधीने जगणे नकोसे झाले. २००१ साली त्याला दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

ही हकीकत आम्ही आरंभीच सांगितली याला कारण आहे. संगणकाच्या साहाय्याने चालणाऱ्या नळयोजना, वीजकेंद्रे, कारखाने आणि आगगाड्या यांवर आपले जीवन आज किती अवलंबून आहे, हे वाचकांना वेगळे सांगावयास नको. त्यांना कुलूप कसे लावावे, हा प्रश्न पुष्कळांनी हाताळला आहे. परंतु कुलूप फोडून चोर आत आलाच आणि आपल्याच माणसाच्या आवाजात बोलू लागला, तर त्याला ओळखायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर संगणकशास्त्राइतकेच एका जुन्या शास्त्राने दिले आहे. त्याचे नाव नियंत्रणशास्त्र. वाफेच्या इंजिनाचा वेग आवरण्यासाठी जन्मलेले हे शास्त्र पाणी आणि वीज यांचे पहारेकरी कसे झाले, तो इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

यंत्राने आपले आपण सावरावे ही कल्पना फार प्राचीन आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया नगरीतील टेसिबिअस याने पाण्याचे घड्याळ केले. त्यात पाण्याची पातळी कायम राहावी म्हणून तरंगता गोळा बसवला होता. आपल्या गच्चीवरील टाकीत आज जो फुगा असतो, त्याचा हा पूर्वज. पाणी चढले की फुगा वर येतो आणि तोटी बंद होते, पाणी उतरले की तोटी उघडते. येथे घडते ते एवढेच : केलेल्या कामाचा परिणाम काय झाला याची खबर परत येते आणि त्या खबरीप्रमाणे पुढचे काम बदलते. यालाच फीडबॅक म्हणतात. साऱ्या नियंत्रणशास्त्राचा पाया हाच.

१७८८ साली जेम्स वॅट याने आपल्या वाफेच्या इंजिनाला ‘गव्हर्नर’ जोडला. इंजिनाबरोबर दोन जड गोळे गरगर फिरत. वेग वाढला की ते बाहेर फेकले जात आणि त्यांना जोडलेला दांडा वाफेची झडप थोडी मिटून घेई. वेग उतरला की गोळे खाली येत आणि झडप उघडे. परंतु काही गव्हर्नर इंजिनाला शांत करण्याऐवजी अधिकच हेलकावे देऊ लागले. असे का होते याचे गणित १८६८ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल या थोर शास्त्रज्ञाने मांडले. कारागिराच्या अनुभवातून आलेली एक युक्ती त्या दिवसापासून शास्त्राच्या पंगतीत बसली.

पुढे १९४८ साली नॉर्बर्ट वीनर या अमेरिकन गणितज्ञाने या विषयावर एक ग्रंथ लिहिला आणि त्यासाठी ‘सायबरनेटिक्स’ असे नाव घडवले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या कोळीवाड्यातील तांडेल वारा, लाटा आणि नावेचा कल पाहून क्षणोक्षणी सुकाणू फिरवत असतो. वीनरला यंत्राच्या अंगी नेमका हाच गुण दिसला. ‘गव्हर्नर’ हा शब्दही त्याच ग्रीक मुळापासून लॅटिनमार्गे आलेला आहे. आज ‘सायबर’ हा शब्द ऐकला की आपल्याला चोरी आणि फसवणूक आठवते. त्याचा मूळ अर्थ मात्र नाव सुखरूप किनाऱ्याला लावणारा माणूस असा आहे.

याच वीनरने १९५० साली सामान्य वाचकांसाठी ‘द ह्यूमन यूज ऑफ ह्यूमन बीइंग्ज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील एक विचार आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. वीनर म्हणतो की, माणसाच्या कामात अडथळा आणणारे सैतान दोन प्रकारचे असतात. एक मॅनिकी पंथाच्या कल्पनेतला. तो खरोखरीचा शत्रू असतो. तो डावपेच लढवतो, वेष पालटतो आणि आपण सावध झालो की चाल बदलतो. दुसरा संत ऑगस्टीनच्या विचारातला. त्याला स्वतःची सत्ता नाही आणि कपटही नाही. तो म्हणजे केवळ उणीव, सुव्यवस्थेचा अभाव. संत ऑगस्टीन ख्रिस्ती श्रद्धेकडे वळण्यापूर्वी काही वर्षे मॅनिकी पंथात होते आणि वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव, या निष्कर्षाला ते मोठ्या मंथनानंतर आले, हे सर्वश्रुत आहे. वीनरने हा भेद विज्ञानाला लावला. निसर्ग अवघड आहे, पण तो लबाडी करत नाही. शास्त्रज्ञाची झुंज दुसऱ्या प्रकारच्या सैतानाशी असते.

मॅक्सवेलपासून पुढची शंभर वर्षे नियंत्रणशास्त्र त्या दुसऱ्या सैतानाशीच झुंजले. वारा सुटतो, काटा थरथरतो, झडप गंजते. या साऱ्या अडचणी खऱ्या असतात, पण त्यांमागे कोणाचा हेतू नसतो. या झुंजीतील सर्वांत मोठे शस्त्र १९६० साली हाती आले. बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम करणाऱ्या रुडॉल्फ कालमन यांनी त्या वर्षी एक रीत प्रसिद्ध केली. पुढे चंद्राकडे जाणाऱ्या अपोलो यानांना वाट दाखवण्यासाठी ती वापरली गेली.

ती रीत समजण्यासाठी एखाद्या इमारतीची टाकी डोळ्यांसमोर आणू. पंप मिनिटाला १०० लिटर पाणी चढवतो आणि रहिवासी मिनिटाला ४० लिटर वापरतात, असे समजा. मग अर्ध्या तासात टाकीत १,८०० लिटर पाणी वाढले पाहिजे. हा झाला हिशेब. आता टाकीतील मापक काय सांगतो ते पाहावयाचे. तो १,७९० म्हणाला, तर थोडा फरक आपण समजून घेऊ, कारण कोणतेही माप तंतोतंत नसते. हिशेब आणि माप या दोहोंना त्यांच्या त्यांच्या विश्वासार्हतेप्रमाणे वजन देऊन कालमनची रीत खऱ्या पातळीचा अंदाज बांधते आणि पुढच्या क्षणाचा हिशेब मांडते. पण मापक म्हणाला की पाणी मुळीच वाढले नाही, तर काहीतरी बिनसले आहे हे निश्चित. पंप जळाला असेल, नळ फुटला असेल किंवा मापक बिघडला असेल. हिशेब आणि वर्दी यांतील तफावतीवर नजर ठेवून यंत्रांतील बिघाड हुडकण्याची कला १९७० नंतरच्या दशकात चांगलीच विकसित झाली.

मात्र या कलेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. मापक चुकेल, पण तो मुद्दाम खोटे बोलणार नाही. यंत्रे आपापल्या आवारात तारेने बांधलेली होती तोवर हे ठीक होते. पुढे ती रेडिओवरून, दूरध्वनीवरून आणि शेवटी इंटरनेटवरून परस्परांशी बोलू लागली. २००६ च्या सुमारास अशा यंत्रणांना ‘सायबर-फिजिकल’ हे नाव रूढ झाले. संगणकाची बुद्धी आणि पाणी, वीज, पोलाद यांचे शरीर एकत्र जोडलेली यंत्रणा, असा त्याचा अर्थ. २००७ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेत एक प्रयोग झाला. विजेच्या जाळ्याला जोडलेल्या एका मोठ्या डिझेल जनित्राचे स्विच संगणकावरून नको त्या क्षणी उघडमीट करण्यात आले. काही मिनिटांत ते अजस्र यंत्र हादरले, धूर ओकू लागले आणि निकामी झाले. नुसत्या आज्ञांनी लोखंड मोडता येते, हे त्या दिवशी दिसून आले.

२००८ साली आल्वारो कार्डेनास, सौरभ अमीन आणि शंकर शास्त्री या तिघांनी एका निबंधात या प्रश्नाची रीतसर मांडणी केली. शास्त्री हे कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाचे नामवंत प्राध्यापक. त्यांनी आपली पहिली पदवी १९७७ साली मुंबईतील पवईच्या आय.आय.टी.मधून घेतली होती. संगणकाच्या सुरक्षेसाठी जे उपाय आहेत ते येथे लागतीलच, परंतु तेवढ्याने भागणार नाही. यंत्रणा ज्या भौतिक नियमांनी चालते त्या नियमांचे ज्ञानच बचावासाठी वापरले पाहिजे, असा त्यांच्या विचाराचा रोख होता.

याचे मर्म सोपे आहे. मोठ्या कारखान्यातील यंत्रे वीस-वीस वर्षे चालतात आणि दुरुस्तीसाठी ती वाटेल तेव्हा थांबवता येत नाहीत. पंपघरे रानावनात उघडी असतात. गुप्तलिपीने संदेश झाकता येतो, पण तो पाठवणाऱ्या मापकावरच कोणी ताबा मिळवला, तर खोटी वर्दीही त्याच गुप्तलिपीत, त्याच मोहरेखाली येईल. शत्रू संगणकाला फितवू शकतो. मात्र पाण्याला वर चढवू शकत नाही, की तापलेल्या बॉयलरला नुसत्या आज्ञेने थंड करू शकत नाही. म्हणून वर्दीची शहानिशा करायची ती सृष्टीच्या नियमांशी ताडून.

हे ऐकून वाचक विचारतील की, शत्रूने पूर्वीची खरी वर्दीच जपून ठेवली आणि तीच पुन्हा ऐकवली तर? ती तर हिशेबात चोख बसेल. नेमका हाच प्रश्न २००९ च्या शरद ऋतूत पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या यिलिन मो आणि ब्रुनो सिनोपोली यांनी इलिनॉय राज्यातील एका परिषदेत मांडला आणि त्याचे उत्तरही दिले.

ते उत्तर समजण्यासाठी वाडीतल्या रखवालदाराचे उदाहरण घेऊ. रात्री आपण हाक मारतो, “जागा आहेस ना?” आणि अंधारातून “होय, मालक” असे उत्तर येते. चोराने रखवालदाराला बांधून घातले आणि त्याचा आवाज टेपवर लावून ठेवला, तर आपल्याला पत्ता लागणार नाही. पण आपण जर म्हटले, “आज काठी पाच वेळा आपट”, उद्या तीन वेळा, परवा सात वेळा, आणि आकडा दर वेळी मनाला येईल तो घेतला, तर टेपची सोंगे चालणार नाहीत. मो आणि सिनोपोली यांनी यंत्राला हेच करावयास सांगितले. नियंत्रक पंपाला जी आज्ञा देतो तिच्यात त्याने एक अगदी बारीक, सहजगत्या बदलणारी आणि कोणालाही आगाऊ न कळणारी थरथर मिसळावी. यंत्रणा खरी असेल, तर त्या थरथरीचा ठसा पाण्याच्या पातळीत उमटेल आणि मापकाच्या वर्दीत दिसेल. कालची वर्दी आज ऐकवली, तर तीत आजचा ठसा नसेल आणि तफावत वाढून घंटा वाजेल. चलनी नोटेतील पुसट चित्रावरून या युक्तीला पुढे ‘वॉटरमार्क’ असे नाव पडले. मरूचीच्या अभियंत्याने गुपचूप बदललेल्या क्रमांकाशी तिचे नाते स्पष्ट आहे. फरक एवढाच की, त्याने क्रमांक एकदा बदलला होता. येथे खूण क्षणोक्षणी बदलते.

हा निबंध वाचला गेला तेव्हा तो काहींना निव्वळ कल्पनाविलास वाटला असता. परंतु पुढल्याच वर्षी, जून २०१० मध्ये, बेलारूसमधील एका छोट्या कंपनीला संगणकातील एक अभूतपूर्व विषाणू सापडला. त्याला ‘स्टक्सनेट’ हे नाव मिळाले. इराणमधील नतान्झ येथील युरेनियम समृद्ध करण्याच्या कारखान्यासाठी तो रचलेला होता. तेथे सेंट्रिफ्यूज नावाची उंच नळकांडी प्रचंड वेगाने फिरतात आणि १६४ यंत्रांची एक माळ असते. विषाणू त्यांच्या मोटारींना मिळणाऱ्या विजेची कंपनसंख्या १,०६४ हर्ट्झच्या आसपास असताना ती १,४१० वर चढवी, पुढे केव्हातरी २ वर आणी आणि पुन्हा पूर्ववत करी. अशा हिसक्यांनी नळकांडी मोडत. याच विषाणूची एक आधीची आवृत्ती २०१३ साली उजेडात आली. ती झडपा बंद करून यंत्रांतील दाब वाढवी. तसे करण्यापूर्वी ती मापकांच्या चांगल्या स्थितीतील २१ सेकंदांच्या वर्दीची नोंद करून ठेवी आणि घातपात चालू असताना तीच वर्दी पुन्हा पुन्हा ऐकवत राही. नियंत्रण कक्षातील पडद्यावर सारे आलबेल आणि यंत्रशाळेत विध्वंस!

सुमारे एक हजार सेंट्रिफ्यूज या प्रकारात निकामी झाली असावीत, असा अंदाज अभ्यासकांनी केला. काही यंत्रांत संगणकाच्या कार्यक्रमामुळे अडचण आल्याचे इराणच्या अध्यक्षांनी नोव्हेंबर २०१० मध्ये मान्य केले. हे काम अमेरिका आणि इस्राएल यांचे, असे सर्वत्र मानले जाते. अधिकृतपणे मात्र कोणी ते पत्करलेले नाही. या कृत्याची राजकीय बाजू तपासण्याचे हे स्थळ नव्हे. आमच्या विषयापुरता मुद्दा असा की, टेपवरच्या रखवालदाराची गोष्ट खरी ठरली होती आणि तिच्यावरचा उतारा ती जगजाहीर होण्यापूर्वीच कागदावर उतरलेला होता.

शत्रू याहूनही चतुर असू शकतो, हेही २००९ सालीच दिसून आले. याओ लिऊ, पेंग निंग आणि मायकेल रायटर यांनी विजेच्या जाळ्यांविषयी एक धक्कादायक सिद्धान्त मांडला. टाकीच्याच उदाहरणाने तो सांगतो. चोराने पातळीचा मापक खोटा केला, तर हिशेब चुकेल आणि तो पकडला जाईल. पण त्याने पंपाचा मापक, वापराचा मापक आणि पातळीचा मापक असे तिन्ही एकमेकांना जुळतील अशा बेताने खोटे केले, तर हिशेब चोख बसेल आणि घंटा वाजणार नाही. कट करून आलेले साक्षीदार एकाच सुरात बोलतात तसेच हे. शास्त्रज्ञांनी यातूनच बचावाचा मार्ग शोधला. सर्व मापकांना सारखे जपणे शक्य नसते, पण नेमके कोणते थोडे मापक अभेद्य ठेवले म्हणजे बाकीच्यांचा कट उघडा पडेल, हे गणिताने सांगता येते.

साक्षीदार किती फितले तरी चालेल, यालाही सीमा आहे. २०१४ साली हमझा फौझी, पाउलो ताबुआदा आणि सुहास दिगवी यांनी दाखवून दिले की, निम्मे किंवा त्याहून अधिक मापक शत्रूच्या ताब्यात गेले, तर केवळ त्यांच्या वर्दीवरून यंत्रणेची खरी स्थिती निश्चित करणे शक्य नाही. प्रामाणिकांचे बहुमत असले तरच खोट्याला वगळून सत्य काढता येते आणि त्यालाही आणखी काही अटी आहेत.

कागदावरचे हे ज्ञान प्रत्यक्षात पारखण्यासाठी २०१५ साली सिंगापूरच्या तंत्रज्ञान आणि अभिकल्प विद्यापीठात पाणी शुद्ध करण्याचा एक छोटा, पण खराखुरा कारखाना उभारण्यात आला. त्यात खऱ्या कारखान्याप्रमाणेच सहा टप्पे आहेत. संशोधकांनी तो सलग अकरा दिवस चालवला. पहिले सात दिवस नेहमीप्रमाणे, पुढील चार दिवस आपणच त्याच्यावर ३६ हल्ले करून. ती सारी नोंद त्यांनी जगभरच्या अभ्यासकांना खुली केली. आग विझवण्याची तालीम लुटुपुटीची आग लावून करतात, तशीच ही तालीम.

त्याच वर्षी २३ डिसेंबर रोजी युक्रेनमध्ये खरी आग लागली. वीज वाटणाऱ्या तीन कंपन्यांच्या संगणकांत घुसलेल्या शत्रूने एकामागून एक उपकेंद्रे बंद केली. कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता आणि त्यांच्या हाती काही उरले नव्हते. ऐन हिवाळ्यात सुमारे २,२५,००० ग्राहक अंधारात गेले. काही तासांत वीज परत आली ती कशी? कर्मचारी गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी हातांनी स्विच चढवले. स्वयंचलित यंत्रणेच्या इतिहासात ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

नियंत्रणशास्त्राच्या या पहाऱ्याला किंमत मोजावी लागते. आज्ञेत मिसळलेली थरथर कितीही बारीक असली तरी तेवढ्यापुरते यंत्र आपल्या उत्तम चालीवरून ढळते आणि थोडी वीज, थोडे इंधन अधिक खर्ची पडते. तफावतीची मर्यादा फार कडक ठेवली तर घंटा ऊठसूट वाजते आणि काही दिवसांनी तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. मर्यादा सैल ठेवली तर हळू पावलांनी येणारा चोर निसटतो. ज्याला यंत्रणेचा सारा हिशेब ठाऊक आहे, असा घरभेदी तर सर्वांत कठीण. म्हणून कुलूप, पहारा आणि प्रसंगी हाताने काम करू शकणारा जाणता कामगार, या तिन्हींची गरज राहते.

आपल्याकडील एका प्रसंगाचा उल्लेख करून आम्ही हा लेख आवरता घेतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या भागांतील वीज गेली. लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. ते महामारीचे दिवस होते आणि रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला. पुढे मार्च २०२१ मध्ये राज्य शासनाने प्राथमिक अहवालाच्या आधारे यामागे सायबर घातपाताची शक्यता वर्तवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले. कोणाचे खरे, हा वाद मिटवणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. पण त्या वादातला प्रश्न वाचकांनी ओळखला असेल. वीनरने विचारलेला प्रश्न तो हाच. समोर उभा आहे तो कोणता सैतान? निव्वळ उणीव, की डाव टाकणारा शत्रू?

या प्रश्नाचे उत्तर वेळेवर मिळणे ही केवळ शासनाची निकड नाही. यंत्र बिघडले की पहिला संशय रात्रपाळीच्या ऑपरेटरवर, वायरमनवर किंवा पंपावरच्या माणसावर जातो. आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरे अशा नोकऱ्यांवर चालत आली आहेत. शत्रूचे पाप निर्दोष कामगाराच्या माथी बसू नये आणि गंजलेल्या झडपेचा दोष परक्या शत्रूवर ढकलून कोणी आपली जबाबदारीही टाळू नये, यासाठी खऱ्या आणि खोट्या साक्षीची पारख झाली पाहिजे. मरूचीच्या त्या अभियंत्याने ती करण्यासाठी प्रथम काय केले, हे पुन्हा एकदा आठवावे. पडद्यावर विसंबून न राहता तो उठला, चौदा क्रमांकाच्या पंपघरापर्यंत गेला आणि पंप चालतो आहे की नाही, हे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले.